नवसागर म्हणजे काय काय

काल दुपारी जेवणं झाल्यावर माझा जरा डोळा लागला. झोपेत तुमची हाक ऐकू आली, "नवसागर." शेवटचं अक्षर थोडं ओढलेलं, म्हणजे चहा. मी "आले हो" म्हणत उठले, दूध गॅसवर ठेवलं, दोन कप काढले, आणि गाळणी शोधता शोधता आठवलं की परवाच तुमची तेरवी झाली. खिडकीतून आपल्या फुलचूर गावचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं, त्यात वाफ तरंगत होती. दूध वर येताना दिसत होतं, पण हात काही पुढे जाईना. शेवटी सोनलनेच येऊन गॅस बंद केला.

"आई, कोणाशी बोलत होतीस?" आपल्या लेकीनं विचारलं. तुमच्याशी म्हटलं असतं तर ती रडली असती. म्हणून म्हटलं, दुधाशी.

हा शब्द आपल्या दोघांत अगदी पहिल्या दिवसापासून होता, हे तिला नीटसं माहीत नाही. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. शाळेचा टेपरेकॉर्डर बंद पडला म्हणून बाजारातल्या तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आले. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. "रख दो मॅडम, कल ले जाना." समोर फळीवर पांढऱ्या खड्यासारखं काही तरी पडलं होतं. सोल्डरिंगची तापलेली कांडी तुम्ही त्याच्यावर घासलीत आणि पांढरा धूर भसकन वर आला. तिखट, नाकात शिरणारा.

त्या वासासरशी मी नवेगाव बांधच्या आमच्या अंगणात जाऊन पोहोचले. कल्हईवाला भाता चालवतो आहे, पितळेचा गंज, आमच्याकडचं मोठं पातेलं, निखाऱ्यांवर तापून लाल झाला आहे, आणि तो त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकतो. धुराचा लोट उठतो. धूर विरला की भांडं आतून चंद्रासारखं निघतं. आई ओरडते, "दूर बस वो, नवसागर हाय तो, डोळे चुरचुरतीन." मी नवसागर म्हणजे काय ते कोणाला विचारलं नाही, मनातच ठरवून टाकलं. नवेगावचा सागर तो नवसागर. आमच्या तलावाएवढं मोठं पाणी दुसरीकडे कुठं असणार? हा माणूस आमच्या बांधाचं पाणी उन्हात वाळवतो आणि पुडीत बांधून गावोगाव नेतो.

"हे नवसागर ना?" मी तुम्हाला विचारलं.

तेव्हा कुठे तुम्ही वर पाहिलंत. "मॅडम, इसको नौसादर बोलते."

"मराठीत नवसागर म्हणतात."

"म्हणत असतीन. पन समुद्र कोठी हाय याच्यात?"

मी रागारागाने निघून आले. टेपरेकॉर्डर दुसऱ्या दिवशी सुरू झाला. पुढे मात्र शाळेतल्या वस्तू फारच बिघडायला लागल्या. घंटेची तार, मुख्याध्यापकांचा रेडिओ, एकदा तर चांगला चाललेला माइकसुद्धा मी तुमच्याकडे घेऊन आले. मग तुमच्या घरी कळलं, माझ्या घरी कळलं, दोन्हीकडे बरेच दिवस कोणी धड जेवलं नाही, आणि अखेर आपलं लग्न झालं. तुमच्या घरी पवारी, माझ्या माहेरी झाडीबोली, दुकानात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. आपण या सगळ्या भाषांत भांडलो आणि बहुतेक वेळा याच एका शब्दावरून भांडलो.

मी शब्दकोश काढला तो दिवस आठवतो? त्यात लिहिलं होतं की शब्द मुळात फारशी, नौशादर. तुम्ही दुकान लवकर बंद करून जिलबी घेऊन आलात. "मास्तरीनबाई हारली," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतात. मी म्हटलं, मूळ शब्दात 'श' आहे, म्हणजे तुमचंही चुकलंच. आणि मराठी माणसाला त्यात सागर ऐकू आला, पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आला, तर आता तो तिथं आहे, मुळात असो की नसो.

"कानाले ऐकू आला म्हून समुद्र होते का?" तुम्ही जिलबीचा पाक बोटांवरून चाटत म्हणालात. "काहीबी शिकवून राहिली तू पोरायले."

एकदा तुमच्या दुकानातला नवसागर संपला म्हणून मी शाळेतून येताना किराणा दुकानात मागितला. दुकानदार माझ्या चष्म्याकडे आणि हातातल्या वह्यांकडे पाहतच राहिला. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "काऊन बाई? मोहाची दारू काढून राहिल्या का?" मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुम्ही खाटेवरून खाली पडायचे राहिलात इतके हसलात. सोनलला खोकला झाला की बाटलीवरचं बारीक अक्षर मी वाचून दाखवायची, अमोनियम क्लोराइड, आणि तुम्ही तिला चमचा पाजत म्हणायचात, "पी, बाबाच्या दुकानातली दवाई हाय." ती बरीच मोठी होईपर्यंत समजत होती की जगातली खोकल्याची सगळी औषधं तिचा बाप करतो.

मग ती सकाळ आली. तुम्ही आरशासमोर भांग पाडत होतात. कंगवा हातातून पडला आणि तुम्ही तो उचलायला न वाकता आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिलात. तो हात दुसऱ्या कोणाचा असावा तसं पाहत होतात. मी हाक मारली तर तोंड उघडलंत, पण आवाज आला नाही. आधी इथल्या दवाखान्यात, मग नागपूरला. मेंदूत रक्ताची गाठ. सोनल रात्रीतून येऊन पोहोचली. त्यानंतरचे किती तरी दिवस माझ्या आठवणीत एकाच रंगाचे आहेत, भिंतींच्या फिक्या हिरव्या रंगाचे. तुम्ही डोळे उघडायचात, आम्हाला ओळखायचात, पुन्हा मिटायचात. शब्द नाही.

एका दुपारी मी ओल्या कापसाने तुमचे ओठ पुसत होते. तुम्ही स्वच्छ आवाजात म्हणालात, "नवसागर."

मला वाटलं मी जागेपणी स्वप्न बघते आहे. "काय म्हणालात?"

"नवसागर."

सोनल धावत डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी विचारलं, तुमचं नाव काय? तुम्ही म्हणालात, नवसागर. गाव कोणतं? नवसागर. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, या कोण? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. जराही गोंधळ नव्हता तुमच्या डोळ्यांत. इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कशाला लावता, असंच जणू काही. "नवसागर," तुम्ही म्हणालात.

"हे कोणाचं नाव आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"केमिकलचं आहे," सोनल रडतरडत म्हणाली. "अमोनियम क्लोराइड."

डॉक्टर भले होते. त्यांनी आम्हाला बाहेर बसवून समजावलं की बोलण्याचा भाग दुखावला गेला की कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. माणसाला सगळं समजतं, मनात सगळं नीट असतं, पण तोंडातून तोच एक शब्द येतो. बरेचदा त्याला स्वतःला वाटतं की आपण बरोबरच बोललो. हाच शब्द का राहिला, ते कोणालाच सांगता येत नाही.

तुम्हाला घरी आणलं त्या संध्याकाळी कासिमभाई आले. तुमच्या दुकानाशेजारचे घड्याळवाले, जन्मभराचे सोबती. मला धाकधूक होती, हे घाबरून निघून जातील. पण ते खुर्ची ओढून बसले आणि बाजाराच्या गोष्टी सांगायला लागले. कोणाचं दुकान उठलं, कोणाच्या पोराचं जमलं, नगर परिषदेने पुन्हा कुठं खोदून ठेवलं. तुम्ही मध्ये मध्ये "नवसागर?" विचारत होतात, "नवसागर!" म्हणून मांडीवर थाप मारत होतात, आणि एका नावावर तर तोंड वाकडं करून असं काही "नवसागर" म्हणालात की कासिमभाईंना ठसका लागला. जाताना मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. मला म्हणाले, "भाभी, झनकलाल सब बोलता है. आप फिकर मत करो."

पायरी उतरले आणि थांबले. "मगर एक बात है. दुकान में तो ये जिंदगी भर नौसादर ही बोला. ये नवसागर कहाँ से लाया?"

मी आत आले, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. इतके दिवस माझ्या कानांना ते कळलं कसं नव्हतं? मी मराठीची शिक्षिका, उच्चार ऐकण्यातच हयात गेली. तुमची सगळी हिंदी गेली, सगळी पवारी गेली, आईकडून आलेले शब्द गेले, लेकीचं नाव गेलं. राहिला तो माझा शब्द, ज्याची तुम्ही लग्नाआधीपासून टिंगल केलीत. मी नंतर किती वेळा विचारलं तुम्हाला, "अवो, माझाच काऊन?" तुम्ही दर वेळी उत्तर दिलंत. उत्तर अर्थातच तेच असायचं.

तुम्हाला बोलायला शिकवण्यासाठी एक मुलगी यायची. गोड होती, चिकाटीची होती. चित्रं दाखवायची. आंबा, घर, गाय, सूर्य. तुम्ही प्रत्येक चित्राला नवसागर म्हणायचात आणि तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचात की चुकलं. पुन्हा म्हणायचात, जोर लावून, कपाळाच्या शिरा ताणून. तेच निघायचं. एकदा तुम्ही गाईचं चित्र चुरगाळून भिरकावलंत आणि डाव्या हाताने डोळे झाकून घेतलेत. ती मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, तुम्ही काकांचं सगळं न सांगता समजून घेता, म्हणून त्यांना दुसरा शब्द शोधावाच लागत नाही. थोडे दिवस समजून घेऊ नका." सोनललाही ते पटलं. "आई, तू बाबांना हवं ते लगेच देतेस. जरा अडू दे ना त्यांना."

आम्ही तसं केलं. तुम्ही "नवसागर" म्हणालात की मी विचारायची, "काय हवं? नीट सांगा." मला ठाऊक असायचं की पाणी हवं आहे, तरी मी विचारायची. सुरुवातीला तुम्ही माझ्याकडे अविश्वासाने पाहिलंत. मग रागावलात. मग एक दिवस काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तो एक शब्दसुद्धा बंद झाला. कासिमभाई येऊन एकटेच बोलून गेले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. सोनल घाबरली. ती मुलगीही घाबरली, म्हणाली की कधीकधी असं होतं, थांबून बघू.

मला थांबवेना. मी चहा केला, तुमच्या खाटेजवळ आले, आणि काय करते आहे ते कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "नवसागर?"

तुम्ही मान वळवलीत. मी कप पुढे केला आणि पुन्हा विचारलं, जसं तुम्ही विचारायचात तसं, शेवट वर नेऊन. तुमचा चेहरा आधी हलला, मग डोळे, मग पोट. तुम्ही हसत होतात. हसता हसता रडत होतात. "नवसागर," तुम्ही म्हणालात, आणि मला स्वच्छ कळलं, साखर कमी टाक म्हणता आहात.

त्या दिवसापासून मीही तीच भाषा बोलायला लागले. सोनलने सुरुवातीला कपाळाला हात लावला, मग तीही बोलायला लागली. फोनवर तुम्ही दोघं इतकं बोलायचात की जावईबापूंना वाटे काही तरी खलबत चाललं आहे. जन्मभर मी मुलांकडून शब्दांच्या जाती पाठ करून घेतल्या, नाम कोणतं, क्रियापद कोणतं, आणि आता या घरात एकाच शब्दात सगळं व्याकरण मावत होतं. सुरुवात दाबली की नकार. दोन तुकडे केले, नव आणि सागर, की कोणी तरी आलं आहे, दार उघड. हळू, जवळजवळ श्वासातच म्हटला, की पाय दाबून दे. पहाटे राइस मिलचा भोंगा वाजला की तुम्ही जो म्हणायचात, त्याला काहीच अर्थ नव्हता, मी इथं आहे एवढंच सांगायचं असायचं. मी पलीकडून तोच शब्द परत पाठवायची आणि आपण पुन्हा झोपायचो. ती जवळजवळ दोन वर्षं मला अशी आठवतात, उन्हात ठेवलेल्या पाण्यासारखी कोमट, हलणारी. दुःख होतंच. पण इतकं आपण पूर्वी कधी बोललो होतो?

मागच्या थंडीत सोनलने गाडी काढली आणि आपण नवेगाव बांधला गेलो. धान कापून झाले होते, भातशेतीच्या बांध्यांमध्ये नुसते कापल्या रोपांचे सड उरले होते. पाण्यावर लांबून आलेली पाखरं उतरली होती, दूर एक डोंगा थांबला होता, आणि धुकं इतकं होतं की पाणी कुठं संपतं ते दिसत नव्हतं. सोनलने तुम्हाला काठाला आणलं, हात पसरून म्हणाली, "बाबा, बघा, आईचा नवसागर!"

आम्हा दोघींनाही वाटलं, आता तरी तुम्ही म्हणाल. इथं तो शब्द शोभला असता. पण तुम्ही मान हलवलीत. नाही. जोरजोरात, नाही. मग डाव्या हाताने खूण केलीत की मला पाण्याजवळ न्या. सोनलने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. तुम्ही कष्टाने वाकलात, बोटं पाण्यात बुडवलीत, आणि ती ओली बोटं माझ्या ओठांवर ठेवलीत. जाळं सुकवणारे ढिवर आमच्याकडे बघत होते. मला लाज वाटली.

"नवसागर?" तुम्ही विचारलंत.

म्हणजे, खारट आहे का, सांग. समुद्र कोठी हाय याच्यात? सगळी भाषा गेल्यावरही तुम्ही भांडण विसरला नव्हतात.

"गोड्या पाण्याचाही सागर असतो," मी तोंड पुसत म्हटलं.

तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. सोनल आम्हाला सावरता सावरता हसत होती, धुक्यात पाखरं कलकलत होती, आणि आपण तिघं त्या काठावर पडता पडता वाचलो. हरले मी त्या दिवशी, पण कबूल केलं नाही. तुम्हीही केलं नसतंत.

तुम्हाला सांगायचं राहिलं ते हे नाही की माझं तुमच्यावर प्रेम होतं. ते तुम्हाला ठाऊक होतं आणि आपल्याकडे असं कोणी बोलतही नाही. सांगायचं राहिलं ते एवढंच की शब्द परत आले नाहीत म्हणून मी खचले असं तुम्हाला कधी वाटलं असेल, तर तसं नव्हतं. डॉक्टर विचारायचे, काही सुधारणा? मी नाही म्हणायची आणि मनात लपवून ठेवायची की आज यांनी मला एक आख्खी गोष्ट सांगितली, दुकानात शिरलेल्या माकडाची, आणि मी ती पूर्ण समजले.

शेवटच्या सकाळी तुम्हाला बरं होतं. तुमचं डोकं धुऊन दिलं होतं, केसांना तेल लावलं होतं, पाठीला उशा दिल्या होत्या. मी गॅसवर पोहे परतत होते. तुम्ही हाक मारलीत. "नवसागर." मी ऐकलं आणि चमकले, कारण हा सूर मला नवा होता. ना वर जाणारा, ना खाली. सपाट, स्वच्छ.

"पाणी?" मी दारातून विचारलं. तुम्ही मान हलवलीत.

"पंखा लावू? सोनलला फोन लावू?" नाही. "कासिमभाईंना बोलावू का जी?" नाही.

एरवी असतं तर चिडला असतात. चिडला नाहीत. पुन्हा तसंच म्हणालात, आणि मग सावकाश, मोठ्या कष्टाने अंग भिंतीकडे सरकवलंत. खाटेवर एका माणसापुरती जागा झाली. तिथं चादरीवर डावा तळहात ठेवलात.

मी कढई उतरवली, गॅस बंद केला, हात पुसले आणि येऊन बसले. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. बाहेर कोणी तरी सायकलवर भाजी ओरडत गेलं. ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं, मग चादरीवर आलं. मी हलले नाही, तुमची झोप मोडेल म्हणून. तुमचा हात गार पडला तेव्हाही बराच वेळ हलले नाही.

आता भेटायला येणारे विचारतात, "शेवटी काही बोलले का हो बाई?" त्यांना वाटतं मी म्हणेन, त्यांना बोलता कुठं येत होतं.

मी सांगते, हो, बोलले.

"काय म्हणाले?"

"बस म्हणाले."

मग कोणी तरी विचारतंच, "मग?"

"मग मी बसले."